अक्षरांआडचे अंक: आधी हातचा शोधा, मग आकडा

जन + मन = मनन

या बेरजेत प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक आहे. कोणते अक्षर कोणता अंक, हे शोधायचे. सुरुवातीला हाताशी काहीच नाही असे वाटते, पण बेरजेची मांडणीच बरेच काही सांगून जाते. दोन दोनअंकी संख्यांची बेरीज फार तर ९९ + ९९ = १९८ होते. म्हणजे उत्तर तीनअंकी असेल तर त्याचा पहिला अंक १ च असणार. म = १. आता एककाचे घर पाहा: न आणि न मिळवले, खाली पुन्हा न उतरला. दुप्पट केल्यावर एककस्थानी स्वतःच राहणारा अंक एकच, ०. म्हणून न = ० आणि हातचा काही नाही. दशकात ज आणि १ मिळून १० व्हायला हवेत, म्हणून ज = ९. पडताळा: ९० + १० = १००.

यात एकही आकडा अंदाजाने घातलेला नाही. अशी बहुतेक कोडी सुटतात ती हातच्यावरून. कोणत्या घरातून पुढच्या घरात हातचा गेला आणि कुठून गेला नाही, हे ठरले की अंक आपोआप उलगडू लागतात. नवखा माणूस उलट करतो. आधी अंक घालून पाहतो, मग हातचा मोजतो, आणि तासाभराने पान खोडाखोडीने भरते.

नियम आधी पक्के करा

एका अक्षराला सगळीकडे एकच अंक. दोन वेगळ्या अक्षरांना एकच अंक चालत नाही. संख्येचा सर्वांत डावीकडचा अंक ० नसतो. हे तीन नियम जगभर सारखे आहेत. अंक दहाच असल्याने कोड्यात दहापेक्षा जास्त वेगळी अक्षरे असूच शकत नाहीत. म्हणून पहिले काम अक्षरे मोजण्याचे. अकरा निघाली तर कोडे छापताना चुकले आहे किंवा उतरवून घेताना.

मराठीत आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे काना-मात्रेचे काय करायचे. 'मामा' आणि 'मामी' या शब्दांत 'मा' आणि 'मी' ही दोन वेगळी चिन्हे धरायची, की दोन्हींना नुसता 'म' समजायचे? दोन्ही पद्धती चालतात, पण उत्तरे वेगळी येतात. या लेखात काना-मात्रेसह अख्खे अक्षर म्हणजे एक चिन्ह असे धरले आहे. तुम्ही स्वतः कोडे तयार करत असाल तर हा नियम कोड्याच्या वरच लिहा. मात्रांमुळे चिन्हांची संख्या पटकन दहाच्या पुढे जाते, त्यामुळे काना-मात्रा नसलेले किंवा तेच अक्षर पुन्हा येणारे शब्द सोयीचे पडतात.

कागद कसा मांडायचा

चौकटीची वही घ्या. संख्या उजवीकडून जुळवून एकाखाली एक लिहा, एका चौकटीत एक अक्षर. सर्वांत वर एक ओळ हातच्यासाठी रिकामी सोडा. बाजूला एक तक्ता करा: उभ्या बाजूला कोड्यातली अक्षरे, आडव्या बाजूला ० ते ९. जो अंक शक्य नाही त्या चौकटीवर फुली मारायची. एखाद्या अक्षराचा अंक ठरला की त्याच्या आडव्या ओळीत आणि त्या अंकाच्या उभ्या रांगेत उरलेल्या सगळ्या चौकटींवर फुली. हा तक्ता आळसाने टाळला जातो. पाच-सहा अक्षरांपर्यंत डोक्यात चालते, त्यापुढे 'हा अंक वापरला होता की नाही' यातच गोंधळ होतो.

हाताने लिहिताना र आणि २, ठ आणि ० सहज एकमेकांसारखे दिसतात. कोड्यात ही अक्षरे असतील तर अक्षरे एका शाईने आणि अंक पेन्सिलीने लिहा. अर्धे सोडवलेले कोडे दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचे असेल तर याचा फार उपयोग होतो.

घर वाचायला शिका

दोन संख्यांच्या बेरजेत हातचा ० किंवा १ एवढाच असतो. तीन संख्या असतील तर जास्तीत जास्त २, चार असतील तर ३. उत्तरात वरच्या संख्यांपेक्षा एक घर जास्त असेल तर ते घर म्हणजे निव्वळ हातचा. दोन संख्यांच्या बेरजेत ते १ च.

वरचे अक्षर त्याच घरात खाली तसेच उतरले, म्हणजे क + ख केल्यावर खाली क आला, तर ख ० आहे किंवा ९. मागून हातचा आला नसेल तर ०, आला असेल तर ९. ९ असेल तर पुढेही हातचा जातो, ० असेल तर जात नाही. ही खूण दिसली की तिथूनच सुरुवात करा. कोड्यातली ही सर्वांत मोलाची जागा असते.

एकच अक्षर दोनदा मिळवले असेल तर खालचा अंक सम आला म्हणजे हातचा आला नाही, विषम आला म्हणजे आला. क + क एका घरात ख देत असेल आणि दुसऱ्या घरात ग, तर एका ठिकाणी हातचा आला आहे आणि दुसरीकडे नाही. ख आणि ग लागोपाठचे अंक आहेत. एकही आकडा माहीत नसताना एवढे कळते.

वजाबाकीचे कोडे असेल तर उलटे लिहून बेरीज करा. मनन − जन = मन हे वरचेच कोडे आहे. हातचा घेण्यापेक्षा हातचा देणे डोळ्याला सोपे जाते.

एक पूर्ण कोडे, घर सोडता घर

या प्रकारातले सर्वांत गाजलेले कोडे इंग्लंडचे हेन्री ड्युडनी यांचे. स्ट्रँड मासिकाच्या जुलै १९२४ च्या अंकात ते छापून आले. शब्द होते 'सेंड', 'मोर' आणि 'मनी'. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एकेका अक्षराला देवनागरीतले एकेक अक्षर दिले की ते असे दिसते:

सएनड + मओरए = मओनएय

वेगळी अक्षरे आठ: स, ए, न, ड, म, ओ, र, य. नुसते अंक घालून पाहायचे म्हटले तर १० × ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ = १८,१४,४०० मांडण्या होतात. एककातून दशकात जाणाऱ्या हातच्याला ह१ म्हणू, दशकातून शतकात ह२, शतकातून हजारात ह३, हजारातून दशहजारात ह४. घरे अशी लिहून काढा:

एकक: ड + ए → य
दशक: न + र + ह१ → ए
शतक: ए + ओ + ह२ → न
हजार: स + म + ह३ → ओ
दशहजार: ह४ → म

म हा निव्वळ हातचा आहे, म्हणून म = १.

हजाराच्या घरात स + १ + ह३ मधून पुढे १ जायला हवा, म्हणजे ही बेरीज किमान १०. स फार तर ९ आणि ह३ फार तर १, म्हणून बेरीज १० किंवा ११. खाली उतरणारा ओ त्यामुळे ० किंवा १. पण १ हा म ने घेतला. ओ = ०. स अजून ८ की ९ ते ठरलेले नाही. ह३ किती हे कळल्याशिवाय ठरणारही नाही.

(इंग्रजीत छापलेले कोडे पाहून बरेच जण हा शून्य तर्काआधीच भरतात, कारण तिथले ते अक्षर शून्यासारखेच दिसते. उत्तर बरोबर येते, पण सिद्ध काही होत नाही. देवनागरीत तो मोह आपोआप टळतो.)

आता शतकाचे घर. ए + ० + ह२ केल्यावर न आला. ए आणि न वेगळे आहेत, म्हणजे ह२ शून्य असूच शकत नाही. ह२ = १, आणि न हा ए च्या पुढचा अंक. या घरातून हातचा पुढे जाईल का? त्यासाठी ए + १ = १० हवे, म्हणजे ए = ९ आणि न = ०. पण ० हा ओ चा. म्हणून ह३ = ०. मागे वळून हजाराच्या घरात पाहा: स + १ + ० = १०, म्हणून स = ९.

दशकात न + र + ह१ = ए + १०, कारण ह२ = १. न च्या जागी ए + १ लिहा. दोन्हीकडचा ए गेला आणि उरले र + ह१ = ९. र ला ९ देता येत नाही, तो स चा. म्हणून ह१ = १, र = ८.

इथवर चारही हातचे हाती आले: १, १, ०, १. उरले अंक २, ३, ४, ५, ६, ७ आणि उरली अक्षरे ए, न, ड, य. अठरा लाखांवरून आपण ६ × ५ × ४ × ३ = ३६० मांडण्यांवर आलो, आणि आता एककाचे घर त्याही संपवते. ड + ए = य + १०. य किमान २, म्हणून ड + ए किमान १२. उरलेल्या अंकांतून १२ किंवा जास्त करणाऱ्या जोड्या दोनच: ५ आणि ७, ६ आणि ७. दोन्हींत ७ आहे. ए = ७ धरला तर न = ८, पण तो र ने घेतला. म्हणून ड = ७. ए = ६ धरला तर न = ७, तोही गेला. म्हणून ए = ५, न = ६, य = २.

९५६७ + १०८५ = १०६५२

पडताळा नेहमी उत्तराचे अंक कोड्यात परत घालून, बेरीज नव्याने करून घ्या. सोडवताना वापरलेलेच हातचे पुन्हा वाचले तर चूक पुन्हा तशीच वाचली जाते.

नवाची कसोटी

बेरजेत जेव्हा जेव्हा हातचा जातो, तेव्हा दहा सुटे देऊन एक दशक घेतला जातो. म्हणजे अंकांच्या बेरजेतून दर हातच्याला ९ कमी होतात. म्हणून वरच्या सगळ्या अंकांची बेरीज उणे उत्तरातल्या अंकांची बेरीज = ९ × एकूण हातचे. वरच्या कोड्यात वरचे अंक ९+५+६+७+१+०+८+५ = ४१, उत्तराचे १+०+६+५+२ = १४. फरक २७, हातचे ३. जुळले.

ही कसोटी केवळ पडताळ्यापुरती नाही. समजा दोन तीनअंकी संख्यांची बेरीज चारअंकी आली आणि ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच वापरले. दहा अंकांची बेरीज ४५. उत्तराच्या अंकांची बेरीज ब मानली तर वरच्यांची ४५ − ब, आणि फरक ४५ − २ब हा ९ × हातचे. ४५ विषम, २ब सम, म्हणजे फरक विषम. म्हणून हातचे १ किंवा ३, आणि ब = १८ किंवा ९. दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात: ४३७ + ५८९ = १०२६ मध्ये हातचे तीन आणि उत्तराच्या अंकांची बेरीज ९. ३४२ + ७५६ = १०९८ मध्ये हातचा एकच आणि बेरीज १८. एकही अक्षर न उलगडता कोड्याचे दोनच प्रकार उरले.

उत्तर एकच असते असे नाही

तन + मन + धन = जीवन

एककात तीन न मिळून न येतो. ३ × न च्या एककस्थानी न, हे फक्त न = ० किंवा ५ ला जमते. ५ असेल तर हातचा १. पण पुढे त, म आणि ध तिघेही दशकाच्याच घरात आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची आपापसांत अदलाबदल केली तरी बेरीज तीच. म्हणून इथे एकच उत्तर असणे शक्यच नाही. निदान सहा तरी असणारच. कोडे करणाऱ्याने हे तपासायलाच हवे, आणि सोडवणाऱ्यानेही सुरुवातीला पाहून ठेवावे. अशा कोड्यात विचारायचा प्रश्न वेगळा: 'जीवन' जास्तीत जास्त किती? न = ० असेल तर ९ + ८ + ७ = २४, म्हणजे २४०. न = ५ असेल तर ९ + ८ + ७ + १ = २५, पण मग व सुद्धा ५ होतो. म्हणून एक पायरी खाली: ९ + ८ + ६ + १ = २४, आणि ९५ + ८५ + ६५ = २४५. उत्तर २४५.

शब्दांतही खरी ठरणारी बेरीज मराठीत फार सुंदर जमते:

दहा + दहा = वीस
वीस + वीस = चाळीस

दोन्ही ओळी एकत्र सोडवायच्या. दुसऱ्या ओळीत स + स मधून स आला, म्हणून स = ०. चा = १, निव्वळ हातचा. पहिल्या ओळीत हा + हा चे एककस्थान ०. हा स्वतः ० असू शकत नाही, म्हणून हा = ५ आणि हातचा १. त्यामुळे वी = २ × द + १, म्हणजे विषम. दुसऱ्या ओळीत २ × वी = १० + ळी, म्हणून वी किमान ५. ५ हा 'हा' ने घेतला. उरले ७ आणि ९. वी = ७ तर द = ३, ळी = ४: ३५ + ३५ = ७०, ७० + ७० = १४०. वी = ९ तर द = ४, ळी = ८: ४५ + ४५ = ९०, ९० + ९० = १८०. दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत. पहिले सापडताच थांबलात तर दुसरे कळणारही नाही. कोडे देणाऱ्याने 'चाळीसला ७ ने पूर्ण भाग जातो' एवढे जोडले की १४० एकटे उरते.

गुणाकार

गुणाकारात हातचा ८ पर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथे आधी टोके पकडावीत: सर्वांत डावा अंक आणि एककाचा अंक. क × ख च्या एककस्थानी ख च आला तर शक्यता चारच: क = १, किंवा ख = ०, किंवा ख = ५ आणि क विषम, किंवा क = ६ आणि ख सम. हे पाठच करून ठेवा.

कखगघ × ४ = घगखक

उत्तरही चारअंकी, म्हणून क फार तर २. ४ ने गुणलेली संख्या सम, आणि तिचे एककस्थान क. म्हणून क = २. घ × ४ चे एककस्थान २, म्हणून घ ३ किंवा ८. उत्तर ८००० च्या वर, म्हणून घ = ८. आता मधली अक्षरे स्थानिक किमतीने मांडा: ८०३२ + ४००ख + ४०ग = ८००२ + १००ग + १०ख. आवरल्यावर १३ख + १ = २ग. ख = १ घातला की ग = ७. ख ३ किंवा त्याहून मोठा घेतला तर ग दोनअंकी होतो, आणि ख सम असेल तर डावी बाजू विषम राहते. २१७८ × ४ = ८७१२.

पुन्हापुन्हा येणारी अक्षरे दिसली तर त्यांचे अवयव आठवा. ससस म्हणजे १११ × स, आणि १११ = ३ × ३७. सरसर म्हणजे १०१ × सर. म्हणून घर × घ = ससस यात ३७ चा भाग 'घर' मध्येच असला पाहिजे, एकअंकी घ मध्ये तो मावत नाही. घर ३७ किंवा ७४. ७४ × ७ = ५१८, जमत नाही. ३७ × ३ = १११. संपले.

लांबलचक गुणाकारात मधल्या ओळी बोलक्या असतात. एखादी ओळ वरच्या संख्येसारखीच असेल तर गुणकाचा तो अंक १. दोन ओळी सारख्या असतील तर गुणकातली ती दोन अक्षरे एकच असली पाहिजेत, नसतील तर उतरवताना चूक झाली आहे. ओळीत एक घर कमी असेल तर गुणकाचा तो अंक लहान आहे. नोकरीसाठीच्या ई-लिटमस चाचणीत अशी गुणाकाराची कोडी येतात, आणि तिथे वेळ वाचतो तो याच वाचनाने.

अडते कुठे

अंक जुळत नाहीत तेव्हा बहुतेकदा मागून आलेला हातचा मिळवायचा राहिलेला असतो. विशेषतः दुप्पट असलेल्या घरात, कारण तिथे नजर पटकन सम अंक शोधते. दुसरी चूक, ओघात दोन अक्षरांना एकच अंक देऊन बसणे. तक्ता भरला असेल तर ही होत नाही. तिसरी, शक्यता दोनच उरल्यावर त्यातली एक घेऊन पुढे जाणे आणि ती घेतल्याची नोंद न ठेवणे. फाटा फुटला तिथे कागदावर खूण करा, पहिली वाट अडेपर्यंत चाला, अडल्यावर नेमके त्या खुणेपाशी परत या आणि त्यानंतरचे सगळे खोडा. वाट सुटली तरी दुसरी वाट चालून पाहा. वीस-चाळीसच्या कोड्यात तेच घडले.

पर्याय दिलेले असतील तर एककाचे घर आणि नवाची कसोटी, एवढ्यावरच बरेचसे पर्याय गळतात.

सरावाला तीन

१. तन + मन + धन = जीवन यात 'जीवन' कमीत कमी किती?
२. कखगघ × ९ = घगखक.
३. १कखगघच × ३ = कखगघच१. इथे कखगघच ही अख्खी एक संख्या क्ष माना: (१००००० + क्ष) × ३ = १०क्ष + १.

उत्तरे: १) १०५, म्हणजे २५ + ३५ + ४५. २) १०८९ × ९ = ९८०१. ३) ७क्ष = २९९९९९, म्हणून क्ष = ४२८५७, आणि १४२८५७ × ३ = ४२८५७१.